मला काही ऐकू आलं नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, आणि जिला वाटतं की मी तिला सगळं सांगते, त्या मैत्रिणीपाशीही नाही. खरं तर माझं कामच लोकांना बोलतं करण्याचं — मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माणसं माझ्यासमोर बसतात, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं बोलून टाकतात, मी मान हलवते, कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवते. स्वतःची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. म्हणून कदाचित जमेल — बघते.

कुठून सुरू करू? पगारापासूनच करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी केजची. वडील बाजारात मापाडी होते, आई अंगणवाडीत. मी एमबीबीएस झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. पण पुढं मी मानसोपचार ही शाखा घेतली तेव्हा आत्या म्हणाली, ‘म्हंजी येड्यांची डॉक्टर?’ वडिलांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, पोरीला चांगली शाखा मिळाली नाही. मिळाली नव्हतीच — ती मी नंतर आवडीची करून घेतली. करून घेतली की झाली, कोण जाणे.

शिक्षणानंतर काही काळ सरकारी सेवेचं बंधन होतं, ते मी बीडच्या एका सरकारी दवाखान्यात पूर्ण करत होते. माझ्याकडं येणारे पेशंट लांबलांबून, जीपनं, एसटीनं यायचे. काहींना दोरीनं बांधून आणायचे. आधी देवऋषी, मग मांत्रिक, मग कुठला तरी भोंदू, आणि सगळे पैसे संपल्यावर मी. मी वाईट डॉक्टर नव्हते, हे सांगायला हवं. दोरी सोडायला लावायचे. पेशंटशी आधी बोलायचे, घरच्यांशी मागून. पगार कधी वेळेवर यायचा, कधी दोन महिने यायचाच नाही. खोलीतल्या पंख्याचा आवाज एवढा, की पेशंट रडतोय की हसतोय ते त्याच्या खांद्यांवरून ओळखावं लागायचं.

आणि तिकडं पुणे. माझ्या बॅचचे पुण्यात लागलेले मित्र ग्रुपवर लिहायचे — काय मागणी आहे म्हणून सांगू! कंपन्यांना मानसोपचारतज्ज्ञ हवेत, कॉलेजांना हवेत, मोठे दवाखाने चांगल्या पगारावर घेतायत, वर प्रत्येक पेशंटमागं वाटा. स्वतःचं क्लिनिक टाकायला नको, कर्ज नको. एसी खोली, रिसेप्शनला मुलगी, शनिवारी अर्धा दिवस. मी ते वाचायचे आणि मोबाइल उलटा ठेवायचे.

मग मीही पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज केला. मुलाखत झाली, आणि त्यांनी मला घेतलं. पगार ऐकून वडिलांचा हात ताटातच थांबला. ‘येवढा?’ म्हणाले. मग बराच वेळ भाकरी नुसतीच कुस्करत बसले. आत्याला फोन लावून त्यांनी तो आकडा सांगितला, अगदी सहज सांगितल्यासारखा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची खरी डॉक्टर झाले.

अडचण एकच होती. माझं बंधन संपत आलं होतं, पण माझ्या जागी दुसरा डॉक्टर मिळत नव्हता, आणि तो आल्याशिवाय मला कार्यमुक्त करता येत नाही असं वरून सांगत होते. पुण्याच्या दवाखान्यातून एका बाईचे फोन यायचे — आम्ही आणखी थोडं थांबू, मग दुसऱ्या उमेदवाराला बोलवू. गोड आवाजात बोलायची ती बाई, पण मला रात्रभर झोप लागायची नाही.

अशात एक दिवस ओपीडी संपताना आबा आले.

आबा म्हणजे गेवराई तालुक्यातले एक बडे जमीनदार. खरं नाव सांगत नाही, गावही नाही — चकलांब्याकडून आत जावं लागतं, एवढंच. पांढरे कपडे, हळू बोलणं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट ते आत शिरताच उभे राहिले. आबांनी मात्र मला हात जोडले. त्यांच्या धाकट्या सुनेला, म्हणाले, आवाज ऐकू येतात. लग्नाला अजून वर्षही झालं नाही. भिंतीशी बोलत बसते. दवाखान्यात आणली तर गावभर होईल, तर मीच घरी येऊन बघावी. आणि उठता उठता म्हणाले, ‘तुमचं पुन्याचं कळलं, डॉक्टरीणबाई. चांगलं झालं. आपल्या जिल्ह्याची पोरगी मोठी व्हावी. ते कागदाचं काय अडलंय, ते बघू.’

यात देण्याघेण्याची भाषा होती का? नव्हती. मी शपथेवर सांगू शकते की नव्हती. म्हणूनच ती मला इतकी स्वच्छ ऐकू आली.

रविवारी त्यांची गाडी मला न्यायला आली. उन्हाळा होता. गावात शिरलो तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हतं. घर नवं होतं, चकचकीत फरशीचं, पण मागच्या अंगाला जुन्या दगडी बांधकामाचा एक तुकडा तसाच ठेवलेला — एकच खोली, तिला मागून दार. कडबा ठेवायची, असं आबांची बायको, काकू, मी न विचारताच म्हणाल्या.

घरात शिरताच मला एक गोष्ट जाणवली, पण तिला नाव देता येईना. पाणी आलं, चहा आला, सगळे आदबीनं वागत होते — काहीतरी मात्र विचित्र होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं. त्या घरात सगळे गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होते. समोरासमोर बसलेली माणसं, पण शेतातून हाक मारावी तशी. टीव्ही लावलेला, त्याकडं कुणी बघत नव्हतं. स्वयंपाकघरात मिक्सर चालू व्हायचा, बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा. वाटण काही दिसलं नाही.

सुवर्णाची खोली अगदी मागं होती. विशीतली असेल. केस नीट विंचरलेले, साडी नीट नेसलेली. मी दार लावून घेऊ म्हटलं तर काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी आग्रह केला नाही. — एरवी केला असता. पहिली चूक कोणती असं विचाराल तर हीच.

तिच्याशी मी बराच वेळ बोलले. तिला दिवस कळत होता, वेळ कळत होती. झोप ठीक, भूक ठीक. कुणी मारायला टपलंय असं वाटत नव्हतं, विचारांत तुटकपणा नव्हता. माहेर आष्टीकडचं, बारावी झालेली. प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायची. आवाज कधी येतो विचारलं, तर म्हणाली, दुपारी, सगळे निजले की. काय म्हणतो? तर एकच — ‘कोन आलंय गं?’ कुणाचा आवाज? बाईचा. कुठून? तिनं पलंगामागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. त्या भिंतीपलीकडं ती जुनी खोली होती.

सुरुवातीला ती भ्याली होती. मग तिनं सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, तिकडं कुनी बाई न्हाई. नवऱ्याला विचारलं, तो उठून बाहेर गेला. एकदा तिनं काकूंना ताटावर ताट झाकून मागच्या दारी जाताना पाहिलं. शेवटी एका दुपारी तिनं त्या आवाजाला उत्तर दिलं. ‘मी हाय. सुवर्णा. नवी सून.’ पलीकडून कुणीतरी हसल्यासारखं झालं. त्यानंतर ती रोज उत्तर द्यायची. आज कोण पाहुणे आले, काय भाजी केली, हे सांगायची. तेच घरच्यांनी पाहिलं — पोरगी भिंतीशी बोलते.

‘मला येड न्हाई लागलं मॅडम,’ ती म्हणाली. ‘तुमी बसा जरा. दुपार हाय. तुमीच ऐका.’

मी बसले. का बसले? डॉक्टर म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला तोवर कळून चुकलं होतं. बाहेर टीव्हीचा आवाज आणखी वाढला. काकू उंबऱ्यात, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. आणि मग मधेच वीज गेली. टीव्ही बंद, पंखा बंद. बोलणारे बोलता बोलता गप्प झाले. घरभर अशी शांतता पसरली, की मला माझ्याच श्वासाचा आवाज यायला लागला.

आणि भिंतीतून — कसं सांगू — अगदी जवळून, जसं कुणी पलीकडून ओठ भिंतीला लावून बोलावं तसं आलं, ‘सुवर्णा, कोन आलंय गं?’

नावासकट आलं. वयस्क आवाज नव्हता. माझ्याच वयाच्या बाईचा असेल. खूप दिवस दुसऱ्या कुणाशी न बोललेल्या माणसाचा घसा जसा होतो, तसा.

भास काय असतो ते मला माहीत आहे. मी परीक्षा दिलीय त्याची. भास एकाला होतो, शेजारच्याला होत नाही. माझ्या हातांवर काटा आला होता आणि तो सुवर्णाला दिसत होता. तिचा चेहरा असा उजळला, की मी तो चेहरा विसरू शकत नाही. परीक्षेचा निकाल लागलेल्या पोरीसारखा. ती माझा हात धरून म्हणाली, ‘ऐकलं ना मॅडम?’

मी काकूंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत होत्या. रागानं नाही, धमकीनं नाही — वाट पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की मलाच तसं वाटलं? त्या क्षणी समजायचं काही उरलं नव्हतं. घरात एक आजारी बाई होती. बहुतेक त्यांचीच मुलगी. धाकट्याचं लग्न जमावं म्हणून ती जगासाठी नाहीशी केलेली. म्हणजे मला जिच्यासाठी बोलवायला हवं होतं ती पेशंट भिंतीपलीकडं होती, आणि ज्या पोरीसाठी मला आणलं होतं ती त्या घरात एकटीच शहाणी होती. कायद्यानं मी पोलिसांना कळवू शकत होते. कळवायलाच हवं होतं. त्या भागात त्या बाईला बरं करू शकणारी डॉक्टर मी होते, आणि आमच्यामध्ये हातभर जाडीची भिंत होती.

मी म्हटलं, ‘नाही. मला काही ऐकू आलं नाही.’

एवढंच. ते म्हणायला मला काहीच वेळ लागला नाही. आवाजही कापला नाही.

सुवर्णानं माझा हात सोडला नाही लगेच. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली — मी चेष्टा करतेय का हे शोधत असावी. भिंतीतून पुन्हा आलं, ‘सुवर्णा?’ या वेळी तिनं उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं, आणि पलीकडून कुणीतरी उत्तराची वाट पाहत होतं. भिंतीवर नख फिरवल्याचा बारीक आवाज आला. सुवर्णानं हळूच कानांवर हात ठेवले. तोवर तिनं तसं कधी केलं नव्हतं, हे मला नंतर काकूंनीच कौतुकानं सांगितलं.

मी इंजेक्शन दिलं. गोळ्या लिहून दिल्या. आबांना समजावलं की हा आजार आहे, लाजण्यासारखं काही नाही, औषध थांबवायचं नाही. लाजण्यासारखं काही नाही — हे मी त्यांच्या ओसरीवर बसून म्हणाले. ते मान डोलवत होते. गाडीत बसताना काकूंनी माझी ओटी भरली.

माझा कार्यमुक्तीचा आदेश पुढच्याच महिन्यात आला. कुणी फोन केला, केला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बीड सोडण्याआधी काकू सुवर्णाला एकदा दवाखान्यात घेऊन आल्या, आता लोकांत आणायला हरकत नव्हती म्हणून. ती फुगली होती. हात बारीक थरथरत होते, ओठांच्या कोपऱ्यात ओल होती. माझ्या औषधांनी हे होतं, मला ठाऊक होतं, नवल नव्हतं. काकू म्हणाल्या, गुण आला. मी सुवर्णाला विचारलं, आवाज येतो का अजून?

ती म्हणाली, ‘न्हाई. आता येत न्हाई. मागली खोलीबी पाडली.’

काकू पटकन म्हणाल्या, ‘जुनी झालती. पडायला आलती.’

मी पेन हातात धरून बसले होते. पंखा खडखडत होता. विचारायचं एवढंच होतं. आवाज आधी थांबला की खोली आधी पाडली? आणि खोलीत जे होतं ते कुठं गेलं? दुसऱ्या गावी नेलं, दुसऱ्या खोलीत नेलं, की — हा प्रश्न मला त्या टेबलावर बसून विचारता आला असता. डॉक्टरनं विचारलेल्या प्रश्नाला कुणी हरकत घेत नाही. मी सुवर्णाला विचारलं, ‘झोप लागते का?’

‘लई लागते,’ ती म्हणाली.

मग पुणे. हो, मित्र म्हणत होते तसंच होतं सगळं. काचेची इमारत, माझ्या नावाची पाटी, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की एका पेशंटला किती वेळ द्यायचा हे मी ठरवत नाही. पण तेही अंगवळणी पडतं. नव्या डॉक्टरनं तिथं सगळ्यांसमोर एक केस मांडायची पद्धत होती. तुम्ही ओळखलं असेल. मी सुवर्णाची मांडली. ग्रामीण भाग, कलंकाची भीती, घरी जाऊन केलेलं निदान, औषधाला आलेला उत्तम प्रतिसाद. लोकांना ती फार आवडली. विभागप्रमुख म्हणाले, असा अनुभव शहरात मिळत नाही. पुढच्या पगारवाढीत त्याचा उपयोग झाला, आणि आता तर नव्यानं एमडी झालेली मुलं मला विचारायला येतात — मॅडम, पुण्यात नोकरी करावी का, भवितव्य काय? मी त्यांना सांगते, भवितव्य उत्तम आहे. आधी एखादं वर्ष जिल्ह्यात काढा, बायोडेटाला वजन येतं.

तुम्ही म्हणाल, तरुण होते, अडकले होते, बड्या माणसाच्या घरात एकटी होते. म्हणू नका. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी मला बीडहून एका तरुण डॉक्टरचा फोन आला. माझ्याच जुन्या खोलीत बसतो. सुवर्णा अजून त्याच्याकडं येते. मूलबाळ नाही, नवऱ्यानं दुसरं लग्न केलंय, ती त्याच घरात असते. दर महिन्याला कुणीतरी तिला आणतं आणि नेतं. तो मुलगा फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, ‘मॅडम, मी तिला बरेच महिने बघतोय. मला तिच्यात आजार सापडत नाही. ती म्हणते, त्या घरात खरंच कुणीतरी होतं. तुम्ही स्वतः गेला होता ना तिथं? गोळ्या हळूहळू बंद करून बघू का?’

दुपार होती. माझ्या खोलीचं दार बंद होतं. समोर पेशंट नव्हता. उंबऱ्यात कुणी उभं नव्हतं, माझा कुठला कागद कुणाकडं अडकला नव्हता. आबा वारल्याचं मी केव्हाच ऐकलं होतं. मला कुणाचीही भीती नव्हती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. कारणही सांगायची गरज नव्हती. ‘हो, बंद करून बघ’ — एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती, आणि माझ्यावर शिंतोडा उडाला नसता.

तरी मला वाटलं — गोळ्यांशिवाय ती नीट राहिली तर? तो विचारील, मग निदान कशावरून केलं होतं? मला फक्त तो एक प्रश्न नको होता. एका तरुण मुलाचा, फोनवरचा एक प्रश्न.

मी म्हटलं, ‘मी गेले होते. तिथं काही नव्हतं. गोळ्या चालू ठेव.’

तो म्हणाला, ‘ठीक आहे मॅडम. तुम्ही स्वतः पाहिलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही.’

त्याचा नंबर माझ्याकडं आहे. मी त्याला परत फोन केलेला नाही. सुवर्णा आता चाळिशीकडं आली असेल, आणि आज सकाळचीही गोळी तिनं घेतली असेल.